दुसऱ्या सीटचा ब्रेक

पहिल्या भेटीत मला त्याचं तोंड दिसलंच नाही. मी माझ्या गाडीत स्टीअरिंगवर, तो गाडीखाली आडवा. बाहेर होत्या फक्त त्याच्या चपला, भिंतीला लावून, अगदी शिस्तीत.

"डावीकडे फिरवा... आता उजवीकडे... पुन्हा डावीकडे—"

"किती वेळ?"

"सांधा हातात धरलाय. ढिला असेल तर बोटांना कळेल."

"रोज मी लोकांना सांगते, डावीकडे फिरवा, उजवीकडे फिरवा. आज पहिल्यांदा कुणी मला सांगतंय."

"कसं वाटतंय?"

"राग येतोय."

खालून हसण्याचा आवाज आला. बरा होता. आवाज, म्हणजे.

मी गाडी शिकवते. माझ्या गाडीला शेजारच्या सीटपाशीही एक ब्रेक आहे, माझा. पंधरा दिवस झाले, वळताना स्टीअरिंगमधून खट-खट येत होतं. शिकणारे आधीच भित्रे, त्यात हे. दोघींनी क्लास सोडला. गाडी दादाच्या नावावर. त्यानं सांगून टाकलं, "शनिवारपर्यंत आवाज गेला नाही तर गाडी विकतो. मग बस माझ्या दुकानात." दादाचं दुकान नळाच्या तोट्यांचं आहे. तोट्यांशी माझं वैर नाही, पण त्यांच्यात जन्म काढायचा नव्हता.

नेहमीचे गॅरेजवाले काका गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी गेले होते. हा त्यांचा पुतण्या. इंजिनाला कान लावून दुखणं सांगतो म्हणून सगळे त्याला कानसेन म्हणत.

सोमवारी कानसेननं चाकाजवळचा सांधा बदलला. मंगळवारी खट-खट जशीच्या तशी.

"मी चुकलो," तो म्हणाला.

आमच्या घरात हे वाक्य कुठल्याच पुरुषाच्या तोंडून मी ऐकलेलं नाही. त्यामुळे भांडायचं ठरवून आले होते ते राहूनच गेलं.

"अहो, उभ्या गाडीत आवाज येतच नाही," मी म्हटलं. "चालवून बघा ना."

"नको... तशी गरज नाही."

बुधवारी पुन्हा तेच. शेवटी मी किल्ली त्याच्या नाकासमोर धरली. तो घेईना. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"मला... गाडी चालवता येत नाही."

"काय?"

"ट्रायल काका घेतात. अठराव्या वर्षी एकदा मी घेतली होती. ती भिंत बघा." गॅरेजमागच्या मैदानाच्या भिंतीचा एक तुकडा खरंच नव्या विटांचा होता. "नंतर कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. हसा आता."

मी हसले नाही. म्हणजे, खोकले.

"बसा," मी म्हटलं. "स्टीअरिंगवर. मी शेजारी आहे."

मैदान रिकामं होतं. त्यानं स्टीअरिंग असं आवळलं, जणू कुणी पळवून नेणार होतं.

"तुमचा ब्रेक चिरकतो," पहिल्याच फेरीत तो म्हणाला. "पाय नुसता टेकला तरी चीं करतो. तेल टाकू?"

"खबरदार! तो चिरकला की शिकणारे ताळ्यावर येतात. माझा पाय कायम तिथेच असतो. माझा कुणावरही विश्वास नाही."

"कुणावरही?"

"समोर बघा."

तिसऱ्या फेरीला, वळताना, चाक खडीवर गेलं. खट!

"हाताला कळलं!" त्यानं दोन्ही हात सोडून टाळी वाजवली. चीं... मी गाडी थांबवली. भिंत चार हातांवर होती.

"चाकाकडचा आवाज असता तर खालून आला असता. हा थेट तळहातात आला! स्टीअरिंगच्या दांड्याला पेडलच्या वर एक सांधा असतो, तो ढिला झालाय. चालत्या गाडीचं स्टीअरिंग मी कधी धरलंच नाही, मग कळणार कसं?"

समोर तीच भिंत आहे, याचं त्याला भानच नव्हतं. चेहरा नुसता फुलला होता. मी त्या चेहऱ्याकडे गरजेपेक्षा जास्त वेळ बघत होते, हे मात्र माझ्या लक्षात आलं.

गुरुवारी सांधा बदलला. शुक्रवारी खात्री करायला मैदानात फेऱ्या मारल्या. खात्री दोन फेऱ्यांत झाली. आम्ही एकवीस मारल्या.

शनिवारी दादा आला आणि मागच्या सीटवर ऐसपैस बसला. "मेकॅनिकनं चालवून दाखवावी. तू आवाज लपवशील, तुला ओळखतो मी."

आता आली का पंचाईत! मी काहीतरी सबब सांगणार, तोच कानसेन स्टीअरिंगवर जाऊन बसला. स्टीअरिंग त्यानं पहिल्या दिवसासारखंच आवळलं. ते दादाला दिसलं नाही, मला दिसलं.

खडीवरून तो तीनदा वळला. दादा कान टवकारून बसला होता. काही नाही.

"ठीक आहे, राहू दे गाडी," दादा उतरत म्हणाला. "पण हा बैलगाडीसारखी का चालवतो?"

"जपून चालवतात ते."

माझी गाडी वाचली होती. मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी म्हटलं, "अजून एक फेरी."

दादा कडेला उभा राहिला. आम्ही निघालो.

"एक सांगू?" कानसेन म्हणाला.

"समोर बघून सांगा."

"तुमचा ब्रेक आज एकदाही चिरकला नाही."

मी खाली पाहिलं. दोन्ही पाय सीटखाली निवांत पडले होते. सहा वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

"तेल टाकलंत?" मी उगाचच विचारलं.

"नाही."

त्यानं समोरचा आरसा नीट केला.

"मला तुम्ही आवडता," तो समोर बघत म्हणाला. "चुकत असेन तर... ब्रेक दाबा."

"आधी वळवा! भिंत—"

त्यानं वळवलं. खट नाही, चीं नाही.

"आता?"

"आता सरळ घ्या. मलाही."

"मलाही काय?"

"मलाही तुम्ही आवडता. समोर बघा हो!"

दादा कडेला उभा राहून जोरजोरात हातवारे करत होता, पुरे झालं म्हणून. आम्ही आणखी तीन फेऱ्या मारल्या.