लाखावर आठ

रविवार होता, लोहगडवाडीत धुकं उतरलं होतं. विठामावशीच्या हॉटेलात चुलीपाशी बसून मी माळ जपत होते. तेवढ्यात दारात कुणीतरी ओलं जर्किन झटकलं.

"चहा मिळेल का?"

मी बोलले नाही. नजर मात्र वर गेली... आणि बोटांतून एक मणी नावाशिवायच सरकला.

"मुकी न्हाई ती," मावशी म्हणाली. "रामनामाचा लाख घेतलाय हिरानं. रोज येक माळ. ती झाल्याबिगर तोंड उघडत न्हाई."

"एकशे आठची माळ? मग लाख नेमका भरायचाच नाही," तो हसला. "नऊशे पंचवीस माळांनंतरही शंभर उरतात."

माळ पुरी करून मी ती कपाळाला लावली. "आमच्यात माळेचे शंभरच धरतात. वरचे आठ चुकांचे. हजार माळा झाल्या की लाख."

"म्हणजे देवाला वरमाप!"

त्याचं नाव सत्यम. तळेगावला गणित शिकवायचा. मग दर रविवारी गड चढू लागला. "गड त्योच, पन गडी लय हौशी," मावशी टोमणा मारायची, आणि माझी भाकरी करपायची.

मागच्या रविवारी त्यानं विचारलंच. मी खाली बघत म्हटलं, "लाख पुरा होईपर्यंत लग्नाचा शब्द कुणाला द्यायचा नाही, असा नेम आहे माझा."

हजाराला अजून अडीच महिने होते.

आज तो आला. माझी माळ संपेपर्यंत चहाही मागितला नाही.

"मंगळवारी घरचे मला आंबीला नेतायत. मुलगी बघायला. नेम मोडा, असं मी म्हणणार नाही. पण... आजची कितवी?"

"नऊशे सव्विसावी."

त्यानं परातीतल्या पिठात बोटानं लिहिलं — १,००,००८.

"झाले एवढे जप. अंकांची बेरीज करा — नऊ. माळा दोघांत वाटल्या, तर वाट्याला चारशे त्रेसष्ट. ती मूळ संख्या, तिचे पुढे सारखे वाटे पडत नाहीत. दोघांचंच आहे हे सगळं." आवाज हळू झाला. "आणि लाखावर... नेमके आठ."

"पण आठ दर माळेला ठेवायचे असतात."

"इतक्या चुका होतात तुमच्या?"

मी पिठातल्या त्या आठाकडे बघत राहिले. खोटं बोलायचं नाही, हाही नेमच.

"आधी कधी झाली नव्हती. आता होते... रविवारी. तुम्ही दारात आलात की एक मणी रिकामाच सरकतो."

त्यानं बोटांवर मोजलं. "आज... आठवा रविवार."

"हो."

मी उठले, माळ देवापुढे ठेवली, हात जोडले. लाख भरला होता — एक कमी नाही, एक जास्त नाही.

"घरी सांगा," पाठमोरीच म्हणाले मी, "मंगळवारी आंबीला नाही... लोहगडवाडीला यायचं."

"अन् त्ये पीठ मळ आता," मावशी म्हणाली. "जावई उपाशी बसलाय."