तीन नंबरच्या बंबाची हाक

रविवारी पहाटे निघायचं, सायकली दगडी कुंपणाशी लावायच्या आणि गुहेपर्यंत पायी जायचं. एरिकने तुतीच्या झाडाखाली काडीने अख्खा नकाशा काढला होता. दहा वर्षांच्या स्वितने त्यात आपल्या मनाने दोन अस्वलंही काढली होती. स्वितची बहीण तिंकारा मात्र नकाशाकडे बघतच नव्हती. तेरा वर्षांत सुट्टी कशी घालवायची हा प्रश्न तिला कधी पडला नव्हता. या वेळी पडला होता.

तिला हसवावं म्हणून एरिकने आपल्या आईची गंमत सांगायला घेतली. त्याची आई विदा अँब्युलन्स चालवायची. गेल्या शुक्रवारी दुपारी ती डोंगरापलीकडच्या इस्पितळाच्या दारात उभी असताना कोणीतरी तिच्यावर ओरडलं, "मागे घ्या, लगेच मागे घ्या." तिने गाडी मागे घेतली. पुन्हा तोच आवाज. तिने आणखी मागे घेतली. तिसऱ्यांदा आवाज आला तेव्हा ती पार फुलांच्या वाफ्यात गेली. मग खाली उतरून पाहते, तर जवळपास चिटपाखरू नाही.

"आई म्हणते, इस्पितळाचा पहारेकरी लपून ओरडत असणार," एरिक म्हणाला.

स्वित खो खो हसला. तिंकारा हसली नाही. ती उठून उभी राहिली.

"किती वाजता?"

"काय किती वाजता?"

"एरिक, मस्करी नको. तुझ्या आईला ते किती वाजता ऐकू आलं?"

अडीचच्या सुमारास, असं एरिकने सांगितलं.

त्याच शुक्रवारी, बरोबर अडीच वाजता, त्यांच्या होर्यानी गावाबाहेर वणवा पेटलेला असताना अग्निशमन दलाचे प्रमुख स्तोयान राझेम यांनी तीन नंबरच्या बंबाला वायरलेसवर तीनदा हुकूम दिला होता: मागे घ्या, लगेच मागे घ्या.

आगगाडीच्या ब्रेकची ठिणगी वाळल्या गवतात पडली की क्रासच्या पठारावर दर उन्हाळ्यात आग लागते. विझवायला गावातलीच माणसं जातात, आपापली कामं टाकून. पण इथली आग साधी नसते. शंभर वर्षांपूर्वीच्या महायुद्धातले न फुटलेले तोफगोळे अजून जमिनीत पडून आहेत. जमीन तापली की ते फुटतात. त्या दिवशी पहिला गोळा फुटताच स्तोयान यांनी सगळ्यांना माघारी बोलावलं. बाकीचे आले. तीन नंबरचा बंब, तिंकाराचे बाबा रादोवान झेर्याल चालवत होते तो, जागचा हलला नाही. शेवटी एकोणीस वर्षांचा यादरान त्यांना सांगायला धावत गेला, आणि वाटेतच दुसरा गोळा फुटला. लोखंडाचा तुकडा त्याच्या मांडीत घुसला. पाय वाचला, पण तो पूर्वीसारखा पळू शकेल की नाही हे डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं.

बाबा एवढंच म्हणाले होते की वायरलेस गप्प होता. पण दुसऱ्या दिवशी स्तोयान यांनी बंबात बसून तो तपासला, तर ठणठणीत. त्यात भर म्हणजे नियंत्रण कक्षातल्या यंत्रात स्पष्ट नोंद होती: हाक तीन नंबरच्या बंबाला पोचली. म्हणजे हाक पोचली आणि बाबांनी ती ऐकली नाही, किंवा ऐकून सोडून दिली. बाबांनी बंबाच्या किल्ल्या मुकाट्याने टेबलावर ठेवल्या. येत्या शुक्रवारी दलाची बैठक होती. त्यात त्यांचं नाव कायमचं काढलं जाणार, असं गाव धरून चाललं होतं.

तो आवाज विदाच्या गाडीतल्या वायरलेसमधूनच आला असणार, उघड्या खिडकीमुळे तिला बाहेरचा वाटला, असं तिंकारा म्हणाली. "पण बंबाला मारलेली हाक आईच्या गाडीत कशी जाईल?" एरिकने विचारलं. "मध्ये अख्खा डोंगर आहे."

ते तिंकारालाही ठाऊक नव्हतं. तिला इतकंच माहीत होतं की तीन आठवड्यांपूर्वीपर्यंत असं कधी झालं नव्हतं, आणि तीन आठवड्यांपूर्वीच लिपनिक नावाच्या तंत्रज्ञाने सगळ्या गाड्यांमधल्या वायरलेसवर काहीतरी केलं होतं.

तिघं सायकली काढून लिपनिकच्या दुकानात गेले. तिंकाराने नीट, अदबीने विचारलं. लिपनिक हसला. डोंगरात आवाज घुमतात, म्हणाला. बाईंनी दुसरं कोणाचं तरी बोलणं ऐकलं असेल. आपण बाराच्या बारा सेट जातीने तपासलेत, तसं कागदावर लिहूनही दिलंय. मग त्याने स्वितच्या डोक्यावर टपली मारली आणि सुट्टीत पोरांनी पोहायला जावं असा सल्ला दिला.

"मी पोहायला जाणार नाही," स्वित बाहेर आल्यावर म्हणाला. "नुसतं त्याने सांगितलं म्हणून."

गावात वायरलेसमधलं कळणारं आणखी एक माणूस होतं. एकाहत्तर वर्षांच्या झोरामावशी उकमार. तीस वर्षं त्यांनी रेल्वेचे वायरलेस दुरुस्त केले होते. त्यांनी तिघांना स्वयंपाकघरात बसवलं, समोर आंबट कोबीचं सूप ठेवलं आणि सगळं ऐकून घेतलं. संपल्यावर त्यांनी विचारलं की पूर्वी दलाचं काम कसं चालायचं, आणि आता कसं चालतं, हे कोणाला सांगता येईल का. कोणालाच येईना.

तेव्हा त्यांनी सांगितलं. पूर्वी वायरलेसवर दलाची आपली एक ठरलेली वाट होती. त्या वाटेवर जो बोलेल तो सगळ्यांना ऐकू यायचा. आता अग्निशमन, अँब्युलन्स, जंगलखातं, सगळ्यांनी मिळून थोड्या वाटा वापरायच्या असं ठरलं. कोणी बटण दाबलं की टॉवरवरचा संगणक त्या क्षणी जी वाट मोकळी असेल ती त्याला देतो. त्यासाठी प्रत्येक सेटला स्वतःचा नंबर हवा. नवे सेट महाग, म्हणून पंधरा वर्षांचे जुनेच सेट, आतला प्रोग्रॅम बदलून, नव्या पद्धतीसाठी तयार करून घेतले. त्यात गैर काही नाही. जुने सेट चांगले आहेत.

"स्वित, तू आजोळी गेलास, की तुझी पत्रं पोस्टमन कुठे पाठवणार?"

"आजोळी. मी तिथे आहे हे त्याला कळवलं तर."

"आणि गावात दोन स्वित असले, नाव तेच, आडनाव तेच? एक घरीच आहे, दुसऱ्याने आजोळी गेल्याचं कळवलं?"

स्वित विचारात पडला. "मग माझीपण पत्रं तिकडेच जातील. आणि पोस्टमन म्हणेल, पोचली."

तिंकाराने चमचा खाली ठेवला.

"माझी शंका चूकही असेल," झोरामावशी म्हणाल्या. बंबाला आणि अँब्युलन्सला एकच नंबर दिला गेला असेल, तर अँब्युलन्स डोंगर ओलांडून पलीकडच्या टॉवरजवळ गेली की संगणक समजणार, तो नंबर तिकडे गेला. मग बंबाची प्रत्येक हाक तिकडे जाणार.

"पण स्तोयानकाकांनी तपासला तेव्हा चालला," एरिक म्हणाला.

"तपासताना त्यांनी आधी काय केलं?"

याचं उत्तर तिंकाराने दिलं. ती सावकाश, एकेक शब्द जोडत बोलली. "बटण दाबून बोलले. बंबातून. म्हणजे बंबाने कळवलं, मी इथे आहे. आणि पत्रं परत इकडे यायला लागली."

झोरामावशींनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, एक विचित्र गोष्ट कळली. लिपनिकने दलाच्या कचेरीत फोन करून सांगितलं होतं की शुक्रवारी सकाळी तो तीन नंबरच्या बंबाचा सेट दुकानात नेणार आहे. फुकट तपासून देतो, म्हणाला. झोरामावशींना हे सांगितल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला.

"काल ठणठणीत होता म्हणणारा माणूस आज तो न्यायला का निघालाय?" त्या म्हणाल्या. सेट एकदा दुकानात गेला की नंबर बदलायला पाच मिनिटं लागतात. मग कोणालाही काही सिद्ध करता येणार नाही. जे करायचं ते गुरुवारी. गुरुवारी विदा एका मूत्रपिंडाच्या रुग्णाला पलीकडच्या इस्पितळात घेऊन जाते.

स्तोयानकाकांकडे तिंकारा एकटीच गेली. ते अंगणात बंबाचा होज वाळत घालत होते. चार-पाच दिवसांतच त्यांचंही वजन उतरलेलं दिसत होतं. यादरान त्यांच्या बहिणीचा मुलगा होता. त्यांनी तिचं ऐकून घेतलं, पण चेहरा दगडासारखा राहिला.

"यंत्राला खोटं बोलायचं कारण नसतं, पोरी. हाक पोचली अशी नोंद आहे."

"यंत्र नंबर सांगतं, काका. त्या नंबरामागे कोण बसलंय ते सांगत नाही."

त्यांनी होज खाली टाकला. बाबांनीच तिला पाठवलंय का, असं विचारलं. ती म्हणाली की बाबांना यातलं काहीच ठाऊक नाही. तिला फक्त दहा मिनिटं हवी होती. होज पुन्हा उचलत ते हो म्हणाले.

गुरुवारी सकाळी अकरा वाजता तीन नंबरचा बंब त्याच अंगणात उभा होता. विदाची गाडी पाऊण तासापूर्वीच डोंगरापलीकडे पोचली होती. झोरामावशींनी तिला एवढंच सांगून ठेवलं होतं की रुग्णाला आत पोचवून गाडीत बस, आपणहून बोलू नकोस, पण हाक आली तर उत्तर दे. बंबाचं दार सताड उघडं होतं. स्वित आणि एरिक पायरीवर बसले होते. सवयीप्रमाणे स्तोयानकाका आत शिरले आणि त्यांचा हात माइककडे गेला. तिंकाराने त्यावर आपला हात ठेवला.

"इथून नका बोलू, काका. इथे फक्त ऐकायचं."

ते तिच्याकडे बघत खाली उतरले. आपल्या गाडीतल्या सेटवर त्यांनी तीन नंबरच्या बंबाचा आकडा दाबला. हाक पोचल्याची बारीक शिट्टी त्यांच्या सेटमधून सगळ्यांना ऐकू आली. बंबात मात्र काहीच वाजलं नाही. सेटचा काटासुद्धा हलला नाही. तिथल्या तुतीवर एक पाखरू ओरडत होतं, तेवढाच काय तो आवाज.

स्तोयानकाकांनी माइक तोंडाशी धरला.

"बंब तीन. मागे घ्या, लगेच मागे घ्या."

बंब गप्प. मग स्तोयानकाकांच्या सेटमधून खरखर आली आणि एका बाईचा आवाज आला.

"मी विदा बोलतेय, इस्पितळाच्या दारातून. स्तोयान, त्या दिवशीही तूच होतास का?"

माइक हातात तसाच धरून स्तोयानकाका गाडीच्या पायरीवर बसले. मोठ्या माणसाला असं बसलेलं तिंकाराने पूर्वी पाहिलं नव्हतं. आपण जिंकलो असं तिला अजिबात वाटलं नाही. तिला यादरानचा पाय आठवला, आणि त्या दिवशी धुरात उभे राहून हाकेची वाट बघणारे बाबा आठवले.

शुक्रवारी सकाळी लिपनिक सेट न्यायला आला, तेव्हा तो सेट दलाच्या कचेरीत टेबलावर होता. शेजारी अँब्युलन्समधलाही होता. झोरामावशींचा अवजड जुना संगणक वायरने बंबाच्या सेटला जोडलेला होता. नव्या संगणकांना या जुन्या सेटची भाषा समजत नाही. पडद्यावर आकडा होता २१४३. दुसऱ्या सेटचाही आकडा त्यांनी त्याच्यादेखत वाचला. २१४३.

लिपनिक आधी डोंगराबद्दल बोलला, मग उन्हाबद्दल. शेवटी खुर्चीवर बसला आणि खरं ते सांगितलं. एका सेटमधला मजकूर त्याने जसाच्या तसा दुसऱ्यात उतरवला होता, नंबर मात्र प्रत्येकात वेगळा घालायचा असतो, तो या दुसऱ्यात बदलायचा राहून गेला होता. बारा सेट त्याने एका दुपारात उरकले होते, कारण संध्याकाळी त्याला समुद्रावर जायचं होतं. तपासले म्हणून खुणा मात्र बाराही ओळींवर केल्या होत्या. पोरांचा प्रश्न ऐकल्यावर आपली चूक त्याच्या ध्यानात आली होती. स्तोयानकाका त्याच्यावर ओरडले नाहीत. त्याने जे सांगितलं ते त्यांनी त्याच्याच हाताने लिहून घेतलं.

बैठकीला अख्खं गाव आलं. स्तोयानकाकांनी तो कागद वाचला. मग ते टोपी काढून रादोवानसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "तू म्हणालास की वायरलेस गप्प होता. वीस वर्षं मी तुला ओळखतो. तरी मी यंत्राला विचारलं, तुला विचारलं नाही. मला माफ कर." कुबड्या टेकत यादरान उठला आणि त्याने रादोवानला मिठी मारली. मग स्तोयानकाकांनी तिन्ही मुलांना पुढे बोलावलं. बंब बोलला की विदाच्या गाडीला मारलेल्या हाकाही अशाच भलतीकडे जात असणार, ते म्हणाले. या पोरांनी विचारलं नसतं तर पुढच्या वेळी कोणाचा तरी जीव गेला असता, आणि आपण पुन्हा चुकीच्याच माणसाला दोष दिला असता. झोरामावशी उरलेले सगळे सेट शनिवारी पुन्हा वाचणार होत्या. आकडे लिहून घ्यायला आपल्याला हीच तीन मुलं हवीत, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. स्वितने ताबडतोब विचारलं की शाईच्या पेनाने लिहायचं की पेन्सिलीने.

घरी येताना ऊन उतरलं होतं. स्वित पुढे पळाला. बाबा म्हणाले, "नोंद सांगत होती की हाक मला पोचली. मी रोज आठवून बघायचो, कानाला काय ऐकू आलं होतं. चौथ्या दिवशी मलाच वाटायला लागलं, पोचलीही असेल."

"मग मला का नाही सांगितलंस, बाबा?"

"घरात तू एकटीच माझ्याकडे पूर्वीसारखी बघत होतीस."

तिंकाराने त्यांचा हात धरला. फाटकापाशी आल्यावरही तिने तो सोडला नाही, दुसऱ्या हाताने कडी काढली.