अडीच मिनिटांची चोरी

“मी चोर आहे म्हणे.” चित्रकार ताईने मोबाइल टेबलावर आपटला. “वाघीण माझी, आणि व्हिडिओंचं खातंही माझंच बंद!”

गुप्तहेर बाईंनी व्हिडिओ लावला. त्यांचे भावजी खांद्यावरून डोकावले. वीस लाख चाहत्यांचा लाडका ‘हिरो’. त्याचा फक्त उजवा हात दिसत होता. हाताने शाईच्या बाटलीचं झाकण उजवीकडे फिरवून काढलं, ब्रश बुडवला आणि अडीच मिनिटांत वाघीण उभी केली.

“मी डावखुरी. त्याने माझा व्हिडिओ आरशासारखा उलटा केलाय. तो म्हणतो, मीच त्याचा केला! त्याचा एक दिवस आधी आलाय ना. माझ्या चित्रांचं पुस्तक काढणारे प्रकाशक आज पाचपर्यंत थांबतील, मग ते काम त्याला.”

ताईच्या घरी तिचा धाकटा भाऊ, तिचा एडिटर, लॅपटॉपमागून बोलला. “सुरुवातीची खुडबूड मी कापतो. ताईचा व्हिडिओ थेट ब्रशपासून. कच्चं चित्रण इथेच, पासवर्ड माझ्या डोक्यात.”

तेवढ्यात भावजींना चित्रकलेची हुक्की आली. हिरोसारखंच त्यांनी ताईच्या बाटलीचं झाकण फिरवलं. ते आणखी घट्ट बसलं.

“भावजी, ठेवा ते,” बाई म्हणाल्या, पण नजर झाकणावरच.

हिरोच्या स्टुडिओत नुसते दिवेच दिवे. “तिला तीनशे लोक बघतात हो. तिचं चोरून मी काय करू?”

“बाटली कुठली वापरता?”

“हीच. सगळे हीच वापरतात.”

साडेचारला प्रकाशकांच्या खोलीत, ताई आणि धाकट्यासमोर, बाईंनी तीच बाटली हिरोपुढे ठेवली. “व्हिडिओत उघडता तशी उघडा.”

हिरोने झाकण उजवीकडे फिरवत जोर लावला. ते आणखीच घट्ट बसलं.

“अशी ती फक्त आरशात उघडते,” बाई म्हणाल्या. “उलटा व्हिडिओ तुमचाच.”

भावजी गोंधळले. “पण ताईच्या व्हिडिओत झाकण कुठंय?”

“नाहीच ना. म्हणजे यांना कापण्याआधीचं चित्रण मिळालं. ते एकाच लॅपटॉपवर होतं.”

सगळ्या माना धाकट्याकडे वळल्या.

“त्याने टीममध्ये घेतो म्हटलं,” धाकटा उसळला. “तीन वर्षं राबतोय, ताई. माझं नाव कुणी वाचलं?”

प्रकाशकांनी करार ताईपुढे सरकवला. तिने तो पाहिलाही नाही.

“प्रत्येक व्हिडिओखाली लिहिलंय मी तुझं नाव,” ती म्हणाली. “तूसुद्धा वाचलं नाहीस.”

तिचा आवाज चढला नाही. भावजींना त्याचीच जास्त भीती वाटली.