चौकोनी दांड्याचा पिटुनिया

नागपूरच्या बायका बी देताना हात आखडत नाहीत; आखडतात ते पाकीट देताना. धंतोलीतल्या बागवाल्या मंडळात दर दसऱ्याला बियांची अदलाबदल व्हायची, ती सगळी जुन्या लग्नपत्रिकांच्या पाकिटांतून. एकाच पाकिटावर झेंडू खोडून फ्लॉक्स, फ्लॉक्स खोडून साल्व्हिया. मग जानेवारीत कुंड्या भरल्या की कुणाकडे काय उगवलं याचा घोळ सुरू होई, आणि एकेक जण मांडीवर कुंडी घेऊन रिक्षाने शोभाताईंच्या दारात उतरे.

शोभाताई कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. फुलाकडे त्या बघायच्याच नाहीत. "फूल म्हणजे लग्नातला शालू. नेसवाल तिला शोभतो," म्हणायच्या. "पान दांड्याला कुठे, कसं चिकटलंय ते बघा. सांधा खोटं बोलत नाही." नवऱ्यालाही त्यांनी याच मापाने मोजलं होतं. श्रीधररावांच्या कानाच्या पाळ्या डूल घातल्यासारख्या सुट्या लोंबायच्या. "गर्दीत तुम्हाला पाठमोरंही ओळखीन मी," असं त्या लग्नापासून चिडवत आलेल्या.

त्र्याहत्तर सालच्या थंडीत मात्र त्या पार थकून गेल्या होत्या. दिवाळीच्या तोंडावर श्रीधरराव संत्र्याची कलमं आणायला काटोलला गेले, आणि परतताना त्यांची बस नाल्यात उलटली. माणसं दवाखान्याच्या व्हरांड्यातसुद्धा निजवलेली. डोकी पट्ट्यांत, चेहरे सुजून सारखेच झालेले. दिवसभर जिने चढून-उतरून शोभाताईंच्या पायांत गोळे आले होते. एका खाटेशी नर्सने विचारलं, "हे तुमचेच ना? लवकर सांगा, वर न्यायचंय." शोभाताई वाकल्यासुद्धा नाहीत. "हो, आमचेच," म्हणाल्या आणि बाकावर बसल्या.

पट्ट्या निघाल्या तेव्हा श्रीधरराव होतेच. तेच नाक, तोच खवचटपणा. आता ते दिवसभर व्हरांड्यात उन्हाला बसत, कानावरून मफलर गुंडाळून, आणि येणाऱ्या प्रत्येक कुंडीची थट्टा करत.

मंडळातली कांताबाई कुंडी घेऊन आली तेव्हा शोभाताई श्रीधररावांसाठी पेज ढवळत होत्या.

"ताई, पाकिटावर पिटुनिया लिहून होतं. प्रेमिला म्हणते साल्व्हिया आहे. आता मी कोणाचं ऐकू?"

दांडा चौकोनी, पानं समोरासमोर जोडीने. पहिल्या वर्षाच्या पोरीनेही साल्व्हिया म्हटलं असतं. पण कळी अजून मिटलेली होती आणि पेज उतू जात होती. शोभाताईंना वाद नको होता.

"पिटुनियाच," त्या म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात कांताबाई कुंडी मिरवत आली. जांभळे-पांढरे मोठाले भोंगे डोलत होते. "पिटुनियाच निघाला. प्रेमिलाचं तोंड पाहायला पायजे होतं तुम्ही."

शोभाताईंनी दांडा चिमटीत फिरवला. चौकोनी. पानं समोरासमोर, जोडीने.

"कुंडी बदलली का गं?"

"काहून बदलीन? तुम्हीच तर सांगून राहिल्या होत्या."

त्यांचा विश्वास बसेना. प्रेमिला तेरडा घेऊन आली, तेव्हा त्यांनी मुद्दाम, अगदी शांतपणे, "डेलिया" म्हटलं. प्रेमिला हसत गेली. चार दिवसांनी तिने निरोप पाठवला, येऊन बघा. तेरड्याच्या पाणीदार, काचेसारख्या दांड्यावर बशीएवढा लाल डेलिया आला होता. दांडा त्या भाराने वाकला होता.

तेव्हापासून शोभाताई नावं सांगेनात. डोळे गेले म्हणाल्या. बायकांना ते खरं वाटलं, कारण थकवा तोंडावर दिसतच होता.

"अगं, एखादीला तरी सांग," व्हरांड्यातून श्रीधरराव म्हणाले. "मंडळ बुडवशील."

एका दुपारी फाटकाशी एक नऊवारीतली बाई उभी राहिली. पायांवर धूळ, हातात पिशवी. बायजाबाई, राहणारी काटोलकडची.

"बाई, नाल्यात उलटली त्या बशीत आमचाही मानूस व्हता. धोंडबा. थ्या बशीतले जे जे घरी आले, त्यायचं घर पाहत फिरून राहिली मी."

"अजून नाही सापडले?"

"एक मुडदा उरला व्हता. मले दाखवला. मी म्हटलं, हा नाई."

शोभाताईंनी तिला पाणी दिलं. "चेहऱ्यावरून कसं कळणार, बाई. सगळे सुजलेले होते."

"चेहरा कायले पायजे? आमच्याच्या कानाले पाळीच नाई, गालाले चिकटून हाय. थ्या मुडद्याची लोंबत व्हती, डूल घातल्यावानी." तिने पाणी संपवलं. "कोनी घेतलाच नाई त्याले. सरकारनंच जाळला."

शोभाताईंनी भांडं परत घेतलं.

बायजाबाई व्हरांड्याकडे बघत होती. चेहरा तिच्या ओळखीचा नव्हता. तरी ती हलेना. तिची नजर मफलरवर होती.

"बाई, हे कोन व्हय?"

शोभाताई खुर्चीपाशी गेल्या. मफलर नीट करायच्या निमित्ताने त्यांनी बोट आत घातलं.

पाळी गालातच विरून गेली होती. नख शिरायलाही फट नव्हती.

धोंडबा, एवढं एक नाव घ्यायचं होतं. ते जिभेवर होतंही. आठवड्याभरात ही बाई आपला माणूस घरी नेईल. मग ही खुर्ची रिकामी होईल, आणि सरकारने कुणाला जाळलं ते कुणी सांगायला नको.

श्रीधररावांनी मान वर केली. नाव ऐकायला आणलेल्या कुंडीसारखे थांबून राहिले.

"आमचे," शोभाताई म्हणाल्या. "श्रीधरराव."

"बरं," बायजाबाई म्हणाली. पिशवी उचलून तिने फाटक लावलं, कडीसुद्धा आठवणीने घातली, आणि पुढच्या घराकडे वळली.

"कोण होती गं?"

"घर चुकली."

"मफलर सोड आता. ऊन चढलंय."

शोभाताईंनी गाठ आणखी आवळली. बोट अजून आतच होतं. त्याखाली कानाची पाळी नखभर सुटी झाली होती.