कच्च्या लाकडाचा मनोरा

आमच्या रोहिणीला शाळेच्या वहीत दहा झाडांची पानं चिकटवायची होती. एवढ्यासाठीच आम्ही त्या रविवारी निघालो. जळगावला पिंप्राळ्यात आमच्या कॉलनीत अशोक आणि कडुनिंब सोडले तर तिसरं झाड नाही. माझे मिस्टर, दीपक म्हणाले, "चोपड्याच्या पुढे सातपुड्याच्या पायथ्याला वनउद्यान झालंय. जाऊन येऊ."

फाटकावर मोठा फलक होता. चार किलोमीटरची गोल वाट, जिथून निघाल तिथेच परत, लहान मुलांसह संपूर्ण सुरक्षित. संपूर्ण हा शब्द लाल रंगात. तो आठवला की आजही माझं डोकं तापतं.

डिसेंबरची सकाळ. सागाची पानं गळून वाटेवर घोट्याएवढा थर साचला होता. पाऊल टाकलं की पापड मोडावा तसा आवाज. आम्ही तिघं चालत होतो तर वाटत होतं, वरात चाललीय. रोहिणीने साग, पळस, तेंदू गोळा केले. वाट दाखवणाऱ्या तिसऱ्या हिरव्या बाणापाशी एक बाई दगडावर बसली होती. विटकं लुगडं, डोक्यावर ओझ्याची चुंबळ, ओझं मात्र नाही. रोहिणीने हात हलवला. बाई नुसती बघत राहिली. रोहिणीच्या तोंडाकडे नाही, तिच्या पायांकडे. पायांतल्या नव्या बुटांकडे.

"कामावरची मजूर असेल," दीपक म्हणाले.

पुढे चढ लागला. पक्ष्यांचे आवाज कधी थांबले ते कळलंच नाही. ऊन डोक्यावर होतं तरी झाडांखाली ओल्या मातीचा, बंद खोलीसारखा वास येत होता. पंधरा-वीस मिनिटांनी निरीक्षण मनोरा दिसला. लाकडी, दुमजली, वर जायला शिडीसारख्या पायऱ्या.

आणि पहिल्या पायरीवर तीच बाई बसली होती.

वाट एकच. दोन्ही बाजूंना घाणेरीची जाळी. ती आमच्या पुढे गेली नव्हती. गेली असती तर पानं वाजली असती.

"अहो..." मी दीपकची बाही धरली.

"दुसरी असेल गं. मावशी, जरा सरकता का? पोरीला वर न्यायचंय."

बाई उठली. पानांवर उभी राहिली, पण पान वाजलं नाही. माझं माहेर भडगावचं, म्हणून तिचं अहिराणी बोलणं मला कळलं. आवाज खालच्या पट्टीतला, पण त्यात विनवणी नव्हती. राग होता. जुना, मुरलेला राग.

"वर नको जाऊ माय... लाकूड कच्चं शे. मी सांगेल व्हतं त्यास्ले." लाकूड कच्चं आहे, हे तिने कुणाला तरी आधीच सांगितलं होतं.

दीपक चिडले. "सरकारी मनोरा आहे, मावशी," म्हणत पुढे झाले. तिने हात आडवा धरला. तो त्यांच्या छातीला लागला की नाही, हे त्यांना आजही सांगता येत नाही. म्हणतात, विहिरीवर वाकल्यावर तोंडावर गारवा येतो ना, तसं झालं. ते थबकले आणि तोल सावरायला त्यांनी कठडा धरला.

कठडा हातात आला. मग वरून कडकड आवाज झाला आणि तीन फळ्या पायऱ्यांवर कोसळल्या. रोहिणी तिथून एका पावलावर उभी होती. तिच्या वहीवर भुसा उडाला.

धुरळा बसला तेव्हा बाई नव्हती. चहूबाजूंनी वाळकी पानं, एकही विस्कटलेलं नाही. तिथून आवाज न करता उंदीरही गेला नसता.

आम्ही पोरीला उचलून आल्या पावली फाटक गाठलं. तिथल्या खोलीत वनखात्याचे साहेब चहा पीत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी बशी खाली ठेवली नाही.

"मॅडम, मनोरा दोन वर्षांपूर्वीचा आहे. सुस्थितीत आहे. तुमच्या मिस्टरांनी जास्त जोर लावला असेल."

"आणि ती बाई? तिने अडवलं म्हणून माझी मुलगी जिवंत आहे."

"आमच्याकडे बाई कामाला नाही. कधीच नव्हती."

दारात उभ्या असलेल्या रखवालदाराने मान खाली घातली. आम्ही गाडीत बसत असताना तो जवळ आला. कुवरसिंग त्याचं नाव.

"ताई, डोक्यावर चुंबळ होती का?"

मी हो म्हटलं.

"माझी वहिनी. भुरीबाई." तो खोलीकडे बघत हळू बोलला. "मनोरा बांधताना फळ्या तीच चढवायची. लाकूड ओलं होतं. तिने ठेकेदाराला सांगितलं, साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, उद्घाटनाची तारीख ठरली, चढ वर. ती चढली... कागदावर लिहिलं, सरपण तोडायला आली होती, झाडावरून पडली. आठ दिवसांत फीत कापली, ताई. पेढे वाटले. माझ्या भावालाही दिला एक."

भीती केव्हाच गेली होती. आता होता तो नुसता संताप. मेल्यावरही तीच बाई उन्हात बसून लोकांची पोरं वाचवते आणि कागद म्हणतो ती नव्हतीच!

मी परत आत गेले. कुवरसिंगला विचारून तक्रारवहीत तिचं पूर्ण नाव लिहिलं, कशी मेली तेही लिहिलं. साहेब हसले. जळगावहून मी दोनदा लेखी तक्रार पाठवली. महिन्याने उत्तर आलं: मनोरा दुरुस्त केला आहे, सदर नावाची नोंद आढळत नाही.

त्याच आठवड्यात कुवरसिंगचा फोन आला. दुपारची वेळ होती. मागे कोणीतरी लाकडं ओढत असल्याचा आवाज.

"ताई, मनोरा उतरला."

"पाडला? साहेबांनी?"

"कोणी नाही पाडला. साहेब खोलीत झोपले होते जेवून. उठले तर दार उघडेना. फळ्या रचल्या होत्या बाहेरून, चौकटीपर्यंत. जंगलातून दीड किलोमीटर आणलेल्या. मी फाटकावरच होतो, ताई. एक पान वाजलं नाही."

"मग आता?"

"चार माणसं लावून फळ्या परत जंगलात टाकल्या. दुसऱ्या दुपारी परत दाराशी. आज तिसरा दिवस." त्याने आवाज खाली आणला. "मनोऱ्याच्या बेचाळीस फळ्या, मी मोजलेल्या. आज त्रेचाळीस निघाल्या. एक नवीन आहे. ओली, आत्ताच कापल्यासारखी. साहेबांनी ती भिंतीला उभी केली आणि तिच्याजवळ उभे राहिले..."

"आणि?"

"बरोबर त्यांच्याएवढी आहे, ताई. केसाचाही फरक नाही."