खरखर थांबली तेव्हा

“बठ्ठं खोटं शे, अक्का! मी झोपलो नव्हतो!”

धुळ्याकडचा तोताराम जळगावात कुंदाबाई सपकाळेंच्या ओट्यावर बसून रडत होता. धरणावरचा वायरलेस त्याच्याकडे. सोमवारी सकाळी सातला दरवाजे उघडायचं आदल्या दिवशीच ठरलं होतं. त्यानं तीनदा खबर दिली, पण जळगावहून उत्तर नाही. खालच्या गावांना इशारा गेला नाही आणि झिपरूआबांची बैलजोडी डोळ्यांदेखत वाहून गेली. उद्या चौकशी. नोकरी तर जाणारच, वर गावभर नाव पडलं ‘झोपाळू’!

“तुझ्या वाईटावर कोण?” कुंदाबाई तारखात्यातून निवृत्त झालेल्या, आता लोकांची कोडी सोडवायच्या.

“कोणी नाही. जामनेर ठाण्यावरचा पितांबर तर माझाच चेला, बोट धरून शिकवला. दोघांतला एकच नोकरीत कायम होणार, तरी म्हणतो, भाऊ, तुम्हीच व्हा.”

“देवमाणूस!” मदतनीस धनसिंग गहिवरला. त्याला कुणीही देवमाणूस वाटे.

तिघं आधी जळगावच्याच वायरलेस ठाण्यावर गेले. तिथला भिकन म्हणाला, “आईशप्पथ, एक शब्द आला नाही. एरवी डोकं उठवणारी खरखरसुद्धा नाही! साडेसहा ते आठ, कशी छान शांतता. मग पुन्हा सुरू.”

तिथून तिघं जामनेरला गेले. पितांबरनं चहा केला.

“अक्का, शनिवारी भरलेली बॅटरी आठवडा पुरते. या वेळी सोमवारी सकाळीच बसली. मग भाऊंची खबर मी पुढे कशी देणार?”

तिन्ही ठाण्यांची लहर एकच. एकाचा आवाज दुसऱ्यावर चढू नये म्हणून सगळ्यांच्या सेटचा जोर पाच वॉटवर ठेवून, कुणी तो बदलू नये म्हणून वर लाखेचं सील लावलेलं. भिकनच्या सेटवरची लाख धुळीनं काळी पडली होती. इथली ताजी, चकचकीत होती.

कुंदाबाईंनी बशी खाली ठेवली.

“धनसिंग, सेटची खरखर कधी थांबते?”

“बिघडला की.”

“मग आठला आपोआप बरा झाला का? अरे, कुणीच बोलत नसलं की सेट खरखरतो. कुणी बोलायचं बटण दाबून गप्प बसलं, की थांबते. आणि एका लहरीवर दोघं आले तर जोरकसाचंच चालतं, दुबळा बुडतो. पितांबर, लाख फोडून तू पंचवीस वॉटवर गेलास आणि दीड तास बटण दाबून धरलंस. म्हणून तर आठवड्याची बॅटरी दोन दिवसांत बसली!”

पितांबरची मान खाली गेली. धनसिंगनं आ वासला.

“अरे, पण ही युक्ती तुला…” तोताराम त्याच्याकडे वळला.

“तुम्हीच दाखवली, भाऊ. माझी लेक रुक्मा तापानं फणफणली होती. ड्युटीवर सेट बंद करता येईना, खरखरीनं ती झोपेना. तेव्हा तुम्ही धरणावरून तासभर बटण दाबून धरलं होतं.”

नोकरी वाचली होती, नावावरचा डागही धुतला गेला होता. तरी तोतारामच्या डोळ्यांना धार लागली.

“तेव्हा मी पाचवरच होतो रे, कुणाला बुडवायला नव्हतो,” तो म्हणाला, आणि चहा तसाच ठेवून उठला.