गुडघ्याचा फवारा

मुलानं दुधाची अख्खी बाटली सिंकमध्ये ओतली, मग बिस्किटांचे पुडे कचऱ्यात गेले, मग बायकोचा शाम्पू, आणि ओतण्याफेकण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा तो बायकोकडे वळला. "हे सगळं घरात आणतं कोण? तूच ना? वाचतेस तरी का कधी, त्यावर काय लिहिलंय ते?" सून ओट्याला टेकून उभी होती. डोळे भरून आले होते, पण उत्तर तिच्याकडे नव्हतं. उत्तर बाहेरच्या खोलीत, सासूबाईंच्या रूपानं, शिलाई मशीनसमोर बसून गिऱ्हाइकाच्या पँटची चांगली शिवण उसवत होतं...

झालं होतं असं. भिंगरी, म्हणजे नात, जेमतेम पाच वर्षांची. पण तिचं शरीर घाईनं मोठं व्हायला निघालं होतं. आंघोळ घालताना छातीशी गाठ हाताला लागली म्हणून सून हबकली. डॉक्टरीणबाईंकडे जाताना सासूबाईही सोबत गेल्या. रक्तात एस्ट्रोजेन, म्हणजे बायकी हार्मोन, वाढलेलं निघालं. घरात कुणी हार्मोनचं औषध वापरतं का, गोळी, मलम, फवारा, काहीही, असं बाईंनी विचारलं. सून प्रामाणिकपणे नाही म्हणाली. फवारा एक आहे, पण तो आईंच्या गुडघ्याचा, असंही तिनं हसून सांगितलं. सासूबाईंनी पदर हातावर ओढून घेतला.

तो फवारा गुडघ्याचा नव्हता. पाळी गेल्यापासून अंगातून वाफा निघायच्या, डोळ्याला डोळा लागायचा नाही, म्हणून त्यांच्या डॉक्टरांनी एस्ट्रोजेनचा फवारा आणि सोबत एक गोळी दिली होती; फवारा रोज सकाळी हाताच्या आतल्या बाजूला मारायचा. गुण छान आला. पण या वयात बाई हार्मोनं घेते म्हटल्यावर लोक काय काय बोलतील, या धास्तीनं त्यांनी खोकं आतल्या सूचनांच्या कागदासकट न वाचताच फाडून टाकलं आणि घरात गुडघ्याचं नाव पुढे केलं. गुडघ्याचं औषध हाताला कसं, असं कुणी विचारलं नाही. सासूच्या गुडघ्याकडे कुठला रस्ता जातो याची चौकशी सुना करत नाहीत. आणि रोज सकाळी, हात ओला असतानाच, भिंगरी डोळे चोळत यायची आणि त्याच उघड्या हातावर गाल टेकून पुन्हा झोपून जायची... त्यांच्या आयुष्यातलं ते एकमेव निर्भेळ सुख होतं!

दवाखान्यातून आल्यावर त्यांनी फवारा बंद केला आणि भिंगरीलाही जवळ यायची बंदी केली. मुलगा मात्र घरातल्या खाण्यापिण्यात हार्मोन शोधत रोज बायकोला बोलू लागला. आजी, मी काय केलं, असं पोरगी दारातूनच विचारत राही. वाफा परत आल्या, आणि तेच आपलं प्रायश्चित्त असं त्यांनी मानून घेतलं. प्रायश्चित्ताची एक सोय असते, ते तोंड न उघडता करता येतं. कबुलीची तशी सोय नसते.

आता मात्र कारण शोधायला उद्या भिंगरीला भूल देऊन मेंदूचा फोटो काढायचा होता. "तुझ्या निष्काळजीपणापायी पोरीवर ही वेळ आली," असं मुलगा म्हणाला, तेव्हा त्या उठल्या आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"तिला बोलू नकोस. तो फवारा हार्मोनचा आहे. माझ्या हातावरून तो तिच्या अंगात गेलाय."

मुलानं हातातली दुधाची रिकामी बाटली खाली ठेवली. सुनेनं फवाऱ्याची बाटली पिशवीत टाकली, भिंगरीला चपला घातल्या आणि सगळ्यांना दवाखान्यात नेलं.

फोटो तूर्त थांबवला. कारण हेच असेल तर गाठ बहुधा आपोआप ओसरेल, पण तपासण्या चालू राहतील, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. सासूबाईंवर त्या रागावल्या ते औषध आपल्या मनानं बंद केल्याबद्दल. आधी तुमच्या डॉक्टरांना भेटा, असं बजावून त्यांनी सांगितलं, की पट्टी किंवा दुसरं काही चालेल का ते विचारायचं, आणि सोबतची गोळीही चुकवायची नाही. फवाराच ठरला, तर तो कुठे मारायचा हे डॉक्टरांनाच विचारायचं, पुरता वाळू द्यायचा, वर कपडा घालायचा, हात साबणानं धुवायचे. पोरीचा स्पर्श झालाच, तर तिचं अंगही लगेच धुवायचं.

"नकोच मला ते औषध," बाहेरच्या बाकावर सासूबाई पुटपुटल्या.

"घ्यायचं," सून म्हणाली. "रात्रभर जागायचं आणि दिवसा त्यागमूर्ती होऊन समोर बसायचं, हे आम्हाला झेपणार नाही." मग आवाज खाली गेला. "फवाऱ्याचं जाऊ द्या, आई. ते तुम्हाला माहीत नव्हतं. पण इथून गेल्यापासून तर माहीत होतं ना? तो रोज मला बोलत होता... आणि तुम्ही ऐकत होतात."

सासूबाईंना रडू फुटणार होतं. पण आत्ता रडणं म्हणजे हिच्याकडून पुन्हा काहीतरी मागून घेणं, हे उमगून त्यांनी ते गिळलं.

"हो," त्या म्हणाल्या. "ऐकत होते."

पलीकडे मुलगा मान खाली घालून उभा होता. त्याचा हात सोडवून भिंगरी धावत आली, आणि आजीपासून हातभर अंतरावर आपणहून थांबली. ते अंतर सुनेनं पाहिलं. माफ केलं, असं ती म्हणाली नाही. तिनं लेकीला उचललं आणि सासूच्या मांडीवर ठेवलं. सासूबाईंचे हात तसेच अधांतरी राहिले.

"धरा ना," सून म्हणाली, अजून रागातच. "पडेल ती."